एकाच ढिगातली माती, बोरॉनचे दोन आकडे : कोणता धरायचा?

माणदेशी | १८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सांगोल्याच्या बाजूला आमची भगवा डाळिंबाची बाग आहे. जमीन हलकी ते मध्यम, हातभर खाली मुरूम, सामू (पीएच) ८.२, चुनखडी भरपूर. गेल्या हंगामात सेटिंग (फुलांची फळं धरणं) कमी झालं आणि फळं तडकली. म्हणून या मृग बहाराआधी (पावसाच्या तोंडाला धरायच्या फुलोऱ्याआधी) सूक्ष्म अन्नद्रव्यंही तपासून घ्यायची ठरवली. बागेत ठिकठिकाणची माती घेतली, एकत्र केली, सावलीत वाळवली, चाळली आणि त्याच ढिगातून दोन पिशव्या भरून दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिल्या.

बाकीचे आकडे बऱ्यापैकी जुळतात. बोरॉन मात्र एकीकडे ०.२८ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि दुसरीकडे ०.७१. दोन्ही अहवालांत शेजारच्या रकान्यात 'मर्यादा ०.५' असं छापलंय. त्यामुळे एकीच्या मते बोरॉन 'कमी' आहे, एकरी ४ किलो बोरॅक्स (बोरॉनचं खत) टाका. दुसरीच्या मते 'पुरेसा', काही टाकू नका.

जास्त झाला तर बोरॉन झाडाला बाधतो असं ऐकून आहे, म्हणून उगाच टाकायला धजावत नाही. कोणता आकडा धरू? आणि मुळात पिकाला मिळणारा बोरॉन असा मोजता येतो का? ज्यांनी स्वतः तपासून घेतलंय त्यांनी सांगा.

निफाडचा_वेल | १८ मे, रात्री ९:५८

तिसरीकडे द्या. दोनास एक असा निकाल लागेल :)

काळीकसदार | १८ मे, रात्री १०:०५

आन् तिसरीनं ०.५० देल्लं तर? बसा मंग हातावर हात धरून.

मृदगंध | १८ मे, रात्री ११:२०

माणदेशी, मी बरीच वर्षं माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे पाहा, की दोन्ही अहवालांवर पद्धत लिहिली आहे का. खाली बारीक अक्षरात असेल, मागच्या पानावर असेल. नसेल तर फोन करून विचारा. "बोरॉन कशाने काढलात आणि कशावर वाचलात?" एवढंच विचारायचं. सरळ उत्तर आलं नाही तर त्यावरूनही प्रयोगशाळेबद्दल बरंच कळतं.

आता का विचारायचं ते. मातीत एकूण बोरॉन बराच असतो, पण त्यातला मोठा भाग खनिजांत अडकलेला. पिकाला मिळतो तो मातीतल्या पाण्यात विरघळलेला, आणि चिकणमाती, चुनखडी, लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, सेंद्रिय पदार्थ यांना सैलसर धरून राहिलेला. हा 'मिळणारा' भाग वेगळा काढून मोजायची जी जुनी पद्धत आजही सगळीकडे चालते, ती १९३९ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला बर्जर आणि ट्रूओग या दोघांनी बसवली. २० ग्रॅम माती, ४० मिलि पाणी, उकळी आल्यापासून बरोबर ५ मिनिटं वर थंड नळी लावून उकळायचं, म्हणजे वाफ परत आत पडते. मग गाळायचं आणि गाळलेल्या पाण्यातला बोरॉन मोजायचा. याला आम्ही 'गरम पाण्यात विद्राव्य बोरॉन' म्हणतो.

तुमच्या अहवालातला ०.५ हा आकडा या पद्धतीचा आहे. पिकांवर प्रयोग झाले, गरम पाण्याच्या पद्धतीने ज्या जमिनीत साधारण अर्ध्या पीपीएमच्या खाली बोरॉन सापडला तिथे तो टाकल्यावर पिकाने प्रतिसाद दिला, म्हणून ती रेघ ठरली. दुसऱ्या द्रावणाने काढलेल्या बोरॉनला तीच रेघ लावता येत नाही. आणि ही चूक मी अनेक अहवालांत पाहिली आहे. द्रावण बदललं, यंत्र बदललं, पण छापील रकाना तोच राहिला.

रत्नांग्रीकर | १९ मे, सकाळी ७:१०

वाचतोय. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीत हापूसला बोरॉन कमी हे दरवर्षी ऐकतो. तीन हजार मिलिमीटर पावसात बोरॉन राहणार तरी कुठे? धुवून समुद्रात. मृदगंधताई, मग कोकणात माती पावसाआधी तपासायची की नंतर? आकड्यात फरक पडेल ना?

मृदगंध | १९ मे, सकाळी ८:३५

@रत्नांग्रीकर, पडतो. बोरॉन मातीच्या पाण्यात बोरिक आम्ल म्हणून राहतो आणि त्याच्यावर विद्युतभार नसतो. पोटॅश, कॅल्शियम जसे मातीच्या कणाला चिकटून बसतात तसा हा घट्ट बसत नाही, पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून दरवर्षी एकाच सुमारास नमुना घ्या, पावसाळा संपून जमीन वापशावर आली की. मे महिन्यातला आणि ऑक्टोबरमधला आकडा शेजारी ठेवून बोरॉन वाढला की घटला हे ठरवू नका.

माणदेशी | १९ मे, दुपारी १:१५

ताई, दोन्हीकडे फोन केला. पहिलीकडे (०.२८) गरम पाणी, आणि रंग आणून वाचतात म्हणाले, ॲझोमेथीन की काहीतरी. दुसरीकडे (०.७१) 'मेहलिच-३' नावाचं एकच द्रावण वापरून स्फुरद, पोटॅश, जस्त, बोरॉन सगळं एकदम काढतात आणि आयसीपी यंत्रावर (एकाच वेळी अनेक मूलद्रव्यं मोजणाऱ्या) लावतात. यंत्र फार महागाचं आहे, आकडा चुकायचा प्रश्नच नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं.

मृदगंध | १९ मे, दुपारी २:४०

मग उत्तर बरंचसं मिळालं. यंत्र चुकलं असं मीही म्हणत नाही. कदाचित दोघांनीही आपापलं मोजमाप बरोबर केलंय. मेहलिच-३ हे आम्लधर्मी द्रावण आहे, ॲसिटिक आणि नायट्रिक आम्ल, अमोनियमचे क्षार आणि ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) असलेलं. तुमच्या मातीत चुनखडी आहे. आम्ल चुनखडीवर पडलं की फसफसतं, त्याची ताकद तिथेच खर्च होते आणि चुनखडी विरघळताना तिच्यात अडकलेलं काहीबाही बाहेर येतं. गरम पाणी असं काही करत नाही. दोन पद्धतींनी मातीतले दोन वेगळे हिस्से बाहेर काढले, त्यामुळे आकडे जुळण्याची अपेक्षाच चुकीची. ०.७१ ला 'पुरेसा' म्हणायचं तर मेहलिचची स्वतःची मर्यादा हवी, आणि ती तुमच्यासारख्या जमिनीत डाळिंबावर तपासलेली हवी.

निवडायचंच असेल तर ०.२८ ची रेघेशी तुलना करता येते, ०.७१ ची नाही.

पण ०.२८ वरही डोळे मिटून विसंबू नका. १ भाग माती २ भाग पाणी, म्हणजे त्या गाळलेल्या पाण्यात बोरॉन लिटरला ०.१४ मिलिग्रॅम. एवढ्याशा बोरॉनला ॲझोमेथीनचा पिवळा रंग फार फिका येतो, कोऱ्या (माती न घातलेल्या) द्रावणाच्या वाचनापेक्षा जेमतेम वर. तिथे दुसऱ्या दशांश स्थळावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

राहुरीची_पाखरं | १९ मे, सायं. ६:०२

मृदगंधताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

एमएस्सीला माझा विषय सूक्ष्म अन्नद्रव्यांचा होता, बोरॉनचे नमुने मीच लावायचो. एक मिलि गाळलेलं पाणी, एक मिलि बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण; त्यात ईडीटीए असतं, नाहीतर लोह-ॲल्युमिनियम मध्ये लुडबुड करतात), एक मिलि ॲझोमेथीन-एच, अर्धा तास थांबायचं, मग ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती गडद ते यंत्रावर वाचायचं. बोरॉन जास्त तर पिवळा रंग गडद. गोची अशी, की काळ्या, सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीचं गाळलेलं पाणी मुळातच चहाच्या पाण्यासारखं पिवळसर येतं. तो रंग वजा केला नाही तर यंत्र त्यालाही बोरॉनच समजतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचं एक वाचन रसायन न घालता घ्यावं लागतं. काही जण कोळशाची पूड घालून पाणी स्वच्छ करतात, पण पूड जास्त पडली तर थोडा बोरॉनही तीच घेऊन जाते. साध्या पाण्याऐवजी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडचं पाणी वापरलं तर चिकणमाती खाली बसते आणि गाळलेलं पाणी निवळ येतं. आम्ही तेच करायचो.

आणि काचेचं विसरू नका! प्रयोगशाळेतली नेहमीची चांगली काच म्हणजे बोरोसिलिकेट, तिच्यातच बोरॉन. त्यात माती उकळली तर काचेतला बोरॉन उतरू शकतो, आणि आपण शोधतोय तो पीपीएमच्या दशांशात. आमच्या सरांचा दंडक होता, बोरॉनसाठी प्लास्टिकची भांडी वेगळी, त्यांवर लाल चिकटपट्टी. कुणी त्यात दुसरं काही ठेवलं की ती भांडी बाद. गाळणकागदाचंसुद्धा कोरं वाचन घ्यायचो.

काळीकसदार | १९ मे, रात्री ८:१२

वाचून हबकलो बाप्पा. काच, कागद, कोळसा, पाणी, सगळ्यातच घोळ. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टींत बोरॉनचाही आकडा येते, तो मंग किती खरा धरायचा? २०१५ पासून गावोगाव हे कार्ड वाटून राहिले. आमच्या गावात अर्ध्या लोकाइचे आकडे एकसारखे.

माझं स्पष्ट मत सांगतो. कोरडवाहू कापूसवाल्यानं आधी सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, जस्त पाहावं. बोरॉनच्या आकड्यामागं पैसा घालू नये.

मृदगंध | १९ मे, रात्री ९:३०

@काळीकसदार, कार्डावरचा आकडा तुमच्या बांधाच्या आतला असेलच असं नाही. जिरायतीत १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक, असं त्या योजनेत ठरलं होतं. एका चौकटीतल्या सगळ्यांना तोच आकडा जातो. गावाचा अंदाज घ्यायला ते कामाचं आहे. बागेत खत किती टाकायचं हे त्यावरून ठरवू नये.

कापसाबद्दल मात्र मी सहमत नाही. बोंड धरण्यात बोरॉनचा वाटा मोठा आहे. तुमच्या क्रमाला हरकत नाही, पण 'पाहूच नये' हे टोकाचं झालं.

काळीकसदार | १९ मे, रात्री ९:४१

पाहूच नये असं म्हटलं नाही, पैसा आधी तिथं घालू नये म्हटलं. चालू द्या.

वाईची_सुमन | २० मे, सकाळी ६:५०

आम्ही भुईमूगवाले. आमच्याकडे एक सोपी खूण आहे. शेंगा वाळल्या की मूठभर दाणे घ्यायचे, साल काढायची आणि प्रत्येक दाण्याच्या दोन डाळिंब्या नखाने अलग करायच्या. आतली बाजू सपाट, पांढरीस्वच्छ असेल तर ठीक. मध्यभागी खोलगट खड्डा पडलेला आणि तो तपकिरी झालेला दिसला तर जमिनीत बोरॉन कमी. बाहेरून दाणा अगदी टपोरा दिसतो, काही कळत नाही. सासूबाई अशा दाण्यांना 'पोकळ्या' म्हणायच्या आणि बियाण्यातून वेगळ्या काढायच्या. पुढे एका शेतकरी मेळाव्यात कृषी विद्यापीठाच्या सरांनी तो दाणा हातात घेऊन सांगितलं, की हे बोरॉनच्या कमतरतेचं लक्षण आहे.

माती तपासणीचा आकडा कमी आणि दाणे पोकळ, दोन्ही एकदम दिसलं तेव्हाच आम्ही बोरॅक्स टाकला. नुसत्या कागदावर टाकला नसता.

जुन्नरी_फ्लॉवर | २० मे, सकाळी ९:२५

सुमनताई, छान माहिती. फ्लॉवरमध्येही तसंच, पण फसगत होते ती सांगतो. दांडा उभा चिरला की पोकळ दिसतो आणि लोक लगेच बोरॉन आणायला धावतात. पोकळी आतून तपकिरी, पाणचट, कुजकट दिसली आणि गड्ड्यावरही तांबूस डाग असले तर बोरॉन. पोकळी आतून पांढरी, कोरडी आणि निरोगी असेल तर बहुतेक वेळा युरिया जास्त झाल्याने पीक भराभर वाढलेलं असतं. तिथे बोरॉन टाकून काहीही होत नाही.

सांगलीची_हळद | २० मे, सकाळी ११:४८

जरा अवांतर. लहानपणी शाळेत हळदीचा कागद करून त्यावर बोरिक पावडरचं पाणी टाकलं की तो लाल व्हायचा, हे आठवलं. कॅरम बोर्डवर टाकतो तीच बोरिक पावडर. आमच्याकडे हळदीला तोटा नाही. तर हळद वापरून घरच्या घरी मातीतला बोरॉन नाही का कळणार?

राहुरीची_पाखरं | २० मे, दुपारी १२:३०

@सांगलीची_हळद, हे अवांतर मुळीच नाही! हळदीतलं पिवळं द्रव्य कुर्कुमिन, आणि प्रयोगशाळेत बोरॉन मोजायची एक जुनी नामांकित पद्धत कुर्कुमिनचीच आहे. गाळलेल्या पाण्यात कुर्कुमिन आणि ऑक्झॅलिक आम्ल घालून ते ५५ अंशांवर अगदी कोरडं होईपर्यंत आटवायचं. तळाशी लाल रंग धरतो. तो अल्कोहोलात विरघळवून ५४० नॅनोमीटरवर वाचायचा. ॲझोमेथीनपेक्षा संवेदनशील, पण वेळखाऊ, आणि तापमान जरा इकडेतिकडे झालं की रंग बदलतो. म्हणून मागे पडली.

घरच्या कागदावर मात्र जमणार नाही. बोरिक पावडर म्हणजे निखळ बोरिक आम्ल. मातीत लाख भागांत एक भागाच्याही कितीतरी खाली. कागद पिवळाच राहील आणि तुम्हाला वाटेल बोरॉन नाही.

वाईची_सुमन | २० मे, दुपारी १:०५

बोरॅक्स म्हणजेच आपला टाकणखार ना? तोंड आलं की आजी टाकणखाराची लाही मधातून लावायची.

रत्नांग्रीकर | २० मे, दुपारी १:२०

तोच. पूर्वी लडाख-तिबेटकडून यायचा, पुगा खोऱ्यात अजून सापडतो. जगातले सगळ्यात मोठे साठे मात्र तुर्कस्तानात. म्हणजे आपल्या फ्लॉवरच्या दांड्याची काळजी तुर्कांच्या हाती :)

निफाडचा_वेल | २० मे, सायं. ५:१५

आता गांभीर्याने लिहितो. आम्ही द्राक्षवाले माती परीक्षण करतो, पण बोरॉनचा निर्णय देठ परीक्षणावर घेतो. एप्रिल छाटणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास पाचव्या पानाचा देठ, आणि परत ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ. मातीत किती आहे यापेक्षा वेलीत किती पोचला हे महत्त्वाचं. देठात २५ पीपीएमच्या खाली गेला की आमच्याकडे घडात बारीक मणी राहतात, शॉट बेरी म्हणतो त्या. माझ्या मते माणदेशींनी माती सोडून द्यावी आणि पान तपासावं. मातीचे आकडे म्हणजे अंदाजपंचे.

मृदगंध | २० मे, रात्री ८:५०

@निफाडचा_वेल, देठ परीक्षण उत्तमच. 'माती सोडून द्यावी' याला मात्र विरोध. पान तुम्हाला कमतरता झाल्यावर सांगतं. पहिलंच पीक असेल, नवी लागवड असेल, तर पान कुठून आणणार? शिवाय पानावर आधी बोरॉन फवारला असेल तर तपासणीत तो फवारलेला बोरॉनच बोलतो. नुसतं पाण्याने धुऊन तो पूर्ण निघत नाही.

दुसरं, पानातला बोरॉन खाली असला तरी दोष मातीचाच असतो असं नाही. बोरॉन मुळाशी पाण्याच्या ओघाबरोबर येतो. पाण्याचा ताण पडला की मातीत असूनही झाडात पोचत नाही. बहार धरताना आपण ताण देतो ना? त्या काळात घेतलेलं पान कमीच दाखवणार. उलट ढगाळ, दमट हवेतही पानातून बाष्प कमी जातं, मग कोवळ्या शेंड्याला बोरॉन कमी पडतो. म्हणून माती, पान आणि पाणी, तिन्ही एकत्र वाचावं लागतं.

माणदेशी, तुमच्या पाण्याचं काय? बोअर की कॅनॉल? पाण्यातला बोरॉन कधी तपासलाय का?

माणदेशी | २० मे, रात्री ९:३५

बोअर. थोडं मचूळ आहे. क्षार तपासले होते, बोरॉन नाही. पाण्यातही असतो हे आज कळतंय.

अश्दोदहून_दादर | २० मे, रात्री ११:१०

शालोम आणि नमस्कार. आमची पिढी अलिबागेकडच्या बेने इस्राएलांची (कोकणातल्या मराठी यहुद्यांची), आता इथे इस्रायलमध्ये अश्दोदला. घरात अजून मराठी चालते, आणि हा धागा पाहून राहवलं नाही, कारण माझं आयुष्य ठिबकच्या कामात गेलं.

इथे समुद्राचं पाणी गोडं करून घेतात, आणि तेच पाणी सांडपाण्यावाटे शुद्ध होऊन पुढे शेतीत जातं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असतो. आरओची जाळी मीठ अडवते, पण बोरिक आम्लावर भार नसल्यामुळे ते बरंचसं आरपार जातं. म्हणून पाण्याचा सामू वर नेऊन दुसऱ्यांदा जाळीतून काढावं लागतं, कारण सामू ९.२ च्या पुढे बोरॉनला भार येतो आणि मग तो अडतो. लिंबूवर्गीय झाडांना बोरॉन फार लवकर बाधतो, त्यामुळे इथल्या शेतकऱ्यांनी हा विषय लावून धरला.

तुमच्यासाठी मुद्दा असा, की फवारणीच्या पाण्यासाठी घरी आरओ लावला असेल आणि 'आता पाण्यात काही नाही' असं वाटत असेल, तर बोरॉनच्या बाबतीत तसं धरू नका. आणि मचूळ बोअर असेल तर बोरॉन तपासल्याशिवाय जमिनीत एक चमचाही टाकू नका.

मृदगंध | २१ मे, सकाळी ७:४५

@अश्दोदहून_दादर, फार मोलाची भर. आकडेमोड करून दाखवते, म्हणजे मी पाण्याचा हट्ट का धरला ते कळेल.

एक एकर, वरची १५ सेंटिमीटर माती, वजन साधारण ९ लाख किलो. तिच्यात ०.५ पीपीएम बोरॉन म्हणजे सगळा मिळून ४५० ग्रॅम. बोरॅक्समध्ये बोरॉन १०.५ टक्के, म्हणून ४ किलो बोरॅक्स म्हणजे ४२० ग्रॅम. आता माणदेशींचे दोन अहवाल घ्या. ०.७१ मधून ०.२८ वजा केले तर ०.४३, म्हणजे एकरी ३९० ग्रॅमच्या आसपास. दोन अहवालांतला फरकच जवळजवळ अख्ख्या शिफारशीएवढा आहे!

आता पाणी. ठिबकने वर्षाकाठी एकरी २० लाख लिटर जातं असं धरा, आणि बोअरच्या पाण्यात लिटरला फक्त ०.३ मिलिग्रॅम बोरॉन आहे असं धरा. झाले ६०० ग्रॅम. म्हणजे बोरॅक्सच्या पोत्याला हात न लावता शिफारशीपेक्षा जास्त बोरॉन पाण्यातूनच जातोय. तेच पाणी ०.०५ चं निघालं तर १०० ग्रॅम, मग विचार वेगळा. द्राक्षासारख्या नाजूक पिकाला पाण्यात ०.७५ च्या वर बोरॉन नको असं मानतात. निफाडकरांनीही बोअर तपासून ठेवावं.

निफाडचा_वेल | २१ मे, सकाळी ८:२०

हे गणित कुणी कधी मांडून दाखवलं नव्हतं. आजच बाटली भरतो.

जुन्नरी_फ्लॉवर | २१ मे, सकाळी १०:०५

एक राहिलंच. माणदेशी म्हणाले फळं तडकली. ती बोरॉनमुळेच असं सगळ्यांनी गृहीत धरलंय का? डाळिंब तडकण्याचं मोठं कारण पाण्याची ओढाताण. जमीन कोरडी पडते, मग एकदम पाणी किंवा पाऊस येतो, दाणे फुगतात आणि साल तेवढी ताणली जात नाही. हलकी मुरमाड जमीन, त्यात हे व्हायचंच.

माणदेशी | २१ मे, दुपारी १२:५०

सप्टेंबरात मोठा पाऊस झाला होता हे खरं. तडकणं त्यानंतरच वाढलं. पण सेटिंग कमी होतं ते त्याच्या आधीचं.

वाईची_सुमन | २१ मे, दुपारी २:१५

मग दोन वेगळी दुखणी असतील. तडकण्यावर आच्छादन आणि थोडं थोडं रोजचं पाणी. सेटिंगसाठी बोरॉन तपासा. परागनलिका वाढायला बोरॉन लागतो, त्यामुळे फुलाच्या वेळी कमी पडला तर सेटिंगला फटका बसतो.

राहुरीची_पाखरं | २१ मे, सायं. ४:४०

मूळ प्रश्नाकडे परत येतो. "पिकाला मिळणारा बोरॉन मोजता येतो का?" तंतोतंत नाही. मोजतो तो निर्देशांक असतो, आणि तो तुमच्या जमिनीत, तुमच्या पिकावर खरा ठरतो का हे बागेतच पाहावं लागतं.

माझी सुचवण : पाण्याचा अहवाल कमी आला तर अख्ख्या बागेत टाकू नका. बागेचा एक सारखा भाग निवडा. काही ओळींना बोरॅक्स, मधल्या काही ओळींना काहीच नाही, असं आलटून पालटून, म्हणजे एका टोकाची चांगली जमीन सगळी एकाच बाजूला जाणार नाही. बाकी खत, पाणी, फवारणी तंतोतंत सारखी. फुलोऱ्यात दोन्हीकडच्या ठराविक फांद्यांवर फीत बांधून मादी फुलं मोजा, मग त्यातली किती धरली ते मोजा. पानं दोन्हीकडची वेगवेगळी द्या. बोरॅक्स पसरताना बारीक मातीत किंवा शेणखतात मिसळा, नाहीतर एका झाडाला मूठभर आणि दुसऱ्याला चिमूटभर पडतो, आणि मूठभरवाल्या झाडाची जुनी पानं कडेने करपतात. कमतरता असेल तर ती नव्या शेंड्यावर दिसते आणि जास्त झाला तर जुन्या पानाच्या कडेला, हे लक्षात ठेवा.

काळीकसदार | २१ मे, सायं. ५:३०

हे आवडलं. ओळी सोडून पाहा, हा सल्ला कापसालेही लागू. या वर्षी मीही दोन तासं सोडतो.

माणदेशी | २१ मे, रात्री ९:१०

सर्वांचे मनापासून आभार. ठरलं असं : उद्या पाण्याची बाटली देतो. मातीसाठी इथून पुढे गरम पाण्याचीच पद्धत, एकच प्रयोगशाळा, पावसाळ्यानंतर. बोरॅक्स पाण्याचा अहवाल येईपर्यंत बंद. कमी आला तर ओळी सोडून प्रयोग. दोन शंका राहिल्या. पाण्यासाठी कसली बाटली? आणि ठिबकखाली मातीचा नमुना नेमका कुठे घ्यायचा, या वेळी मी दोन ओळींच्या मधलाही घेतला होता.

मृदगंध | २१ मे, रात्री ९:५५

बाटली प्लास्टिकची, काचेची नको (वर सांगितलंच आहे का ते). मोटर थोडा वेळ चालू ठेवून, त्याच पाण्याने बाटली विसळून मग काठोकाठ भरा.

माती झाडाच्या ओल्या वर्तुळात, खोड आणि ओलीचा काठ यांच्या मधोमध घ्या, तिथेच मुळं आहेत. दोन ओळींच्या मधली कोरडी माती त्यात मिसळू नका. शेणखताचा ढीग, बांधाची कड, मोठ्या झाडाची सावली टाळा. एक थर ० ते ३० सेंटिमीटर, आणि मुरूम लागेपर्यंत खालचा थर वेगळ्या पिशवीत. मचूळ पाण्याच्या बागेत बोरॉन खाली साठतो का ते त्यावरून कळेल. लोखंडी खुरपं चालेल, पण जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको, आणि खताची रिकामी पिशवी तर अजिबात नको. पानं द्याल तेव्हा शेंड्याकडून आठवं पान घ्या, आणि त्याआधी बोरॉनची फवारणी झाली असेल तर फॉर्मवर तारखेसकट लिहा.

पाण्याचा अहवाल आला की आकडा इथेच टाका.